क्षमा मिळाली असेल तर परिणाम का भोगायचे?

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. वरवर तो एकच दिसतो, पण आत तीन प्रश्न आहेत आणि ते सुताच्या गुंत्यासारखे आहेत: एक धागा ओढला की बाकीचे दोन आणखी आवळतात. तुम्ही लिहिता की 11 वर्षांपूर्वी वडिलांच्या घराची वाटणी झाली तेव्हा तुम्ही बहिणीला अंधारात ठेवून कागदांवर तिची सही घेतली. भावावर विश्वास म्हणून तिने कागद वाचलेसुद्धा नाहीत, आणि तिचा वाटा तुमच्या नावावर झाला. तेव्हापासून तुम्हाला नीट झोप लागत नाही, आणि तुम्ही देवाजवळ 'शेकडो वेळा' क्षमा मागितली. आता तुमचा मुलगा कित्येक महिने अंथरुणाला खिळून आहे. तुमचा प्रश्न असा की देव प्रीती आहे, तो पापांची क्षमा करतो, तर मग ही शिक्षा कशासाठी? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तशी एक ओळ आहे: 'बहिणीला अजून काही माहीत नाही, ती घरी आली की मी काहीतरी काम काढून बाहेर पडतो.'

मी 27 वर्षे ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) पाळक आहे. मनावर ओझे असलेला माणूस मुद्द्याची गोष्ट सहसा निघता निघता, चपला घालताना सांगतो. तुमची ती शेवटची ओळ तशीच आहे. तिच्याकडे येणारच आहे, पण आधी मुलाबद्दल बोलू. ते डोक्यात असताना बाकीचे काही तुमच्या कानात शिरणार नाही.

मुलाचे आजारपण ही तुमच्या पापाची शिक्षा आहे का? नाही. हे मी तुम्हाला बरे वाटावे म्हणून म्हणत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी अगदी तुमचाच प्रश्न विचारला: पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशूचे उत्तर होते, ह्यानेही नाही आणि आईबापांनीही नाही. लूकच्या 13व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असे वाटते का, असे येशू विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. आणि त्याच्याही शेकडो वर्षे आधी यहेज्केलाच्या 18व्या अध्यायात संदेष्टा लोकांची एक आवडती म्हण मोडीत काढतो. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी ती म्हण होती. देव म्हणतो, ही म्हण ह्यापुढे चालायची नाही. मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही.

शास्त्र जाणणारा कोणी लगेच म्हणेल, आणि कदाचित तुमच्याही मनात आले असेल, की दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवणाऱ्या दावीद राजाचे मूल मेले त्याचे काय? दुसऱ्या शमुवेलाच्या 12व्या अध्यायात नाथान संदेष्टा दावीदाला सांगतो की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस, पण तुझे मूल मरेल. मी ही ओळ टाळत नाही. ती मला आजही जड जाते. इतकेच म्हणतो की तिथे देवाने पाठवलेला संदेष्टा समोर उभा राहून सांगत होता. तुमच्या मुलाबद्दल असा निरोप घेऊन कोणी आलेले नाही, आणि कोणी आलोच म्हणून पुढे झाला तर त्याला दाराबाहेरूनच वाटेला लावा. एका घटनेवरून उलटा हिशेब मांडायचा, म्हणजे आजार दिसला की मागे पाप शोधायचे, हे दार येशूने योहान 9मध्ये बंद केले आहे. मुलाच्या आजाराचे निदान आणि इलाज डॉक्टरांकडे. तुमचा अपराध त्याच्या उशाशी नेऊन ठेवू नका. त्या पोराला आजारी असण्याचेच काम पुरे आहे.

आता दुसरा धागा. शिक्षा नाही म्हणजे परिणाम नाहीत असे मात्र मी म्हणत नाही, आणि माझ्या मते तुमची गल्लत इथेच होते आहे. आपल्याला पाप म्हणजे वहीतली नोंद वाटते. वर कोणी हिशेबनीस बसला आहे, त्याने खाडाखोड केली की प्रकरण मिटले. पवित्र शास्त्रातले शब्द ह्यापेक्षा पुष्कळ जास्त सांगतात. जुन्या कराराच्या, म्हणजे पवित्र शास्त्राच्या आधीच्या भागाच्या, इब्री भाषेत पापासाठी मुख्यत्वे तीन शब्द येतात. पहिल्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. शास्ते पुस्तकाच्या 20व्या अध्यायात बन्यामीन वंशातले 700 डावखुरे गोफणकरी आहेत. केसावर नेम धरला तरी त्यांचा धोंडा चुकत नसे, आणि तिथल्या 'चुकणे' ह्या क्रियापदाचा धातू पापाच्या शब्दाचाच आहे. दुसऱ्या शब्दाचा अर्थ वाकडेपणा, पीळ पडणे. तिसऱ्याचा अर्थ बंड. 51व्या स्तोत्रात, जे दावीदाच्या त्याच प्रसंगाशी जोडले जाते, हे तिन्ही शब्द पहिल्या दोन ओळींतच एकत्र येतात. आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण काय म्हणतो? 'आमची ऋणे आम्हांस सोड.' मत्तयाने तिथे ऋण हाच शब्द वापरला आहे.

नेम चुकला ही एका क्षणाची गोष्ट असते. वाकडेपणा मात्र राहतो. लोखंडी सळई वाकली आणि ज्याची होती त्याने मनापासून 'असू दे' म्हटले, तरी सळई वाकडीच. ऋणाचेही तसेच: ते कुणाचे तरी असते, हवेत तरंगत नाही.

म्हणून प्रेषित पौल रोमकरांस पत्रात पापाच्या 'वेतना'बद्दल बोलतो. 'पापाचे वेतन मरण आहे' हे वाक्य लोक न्यायाधीशाच्या आवाजात म्हणतात, पण मुळातला ग्रीक शब्द सैनिकाच्या पगाराचा आहे. ज्याच्या चाकरीत राहाल तो जे देतो ते. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात देवाच्या क्रोधाचे वर्णन आहे आणि तिथे विजा पडत नाहीत. तीनदा एकच गोष्ट सांगितली आहे: देवाने त्यांना सोपून दिले, म्हणजे ज्याची ओढ होती त्याच्या हाती जाऊ दिले.

उत्पत्तीचा 3रा अध्याय एकदा ह्या नजरेने वाचा. आदाम आणि हव्वा झाडांत लपतात, घाबरतात, दोष दुसऱ्यावर ढकलतात. 'जी स्त्री तू मला सोबतीला दिलीस तिने' असे म्हणून आदाम एका दमात बायकोलाही दोष देतो आणि देवालाही. हे सगळे कधी घडते? देवाने एक अक्षर शिक्षेचे उच्चारण्याआधी. देवाने तोवर फक्त प्रश्न विचारले आहेत, आणि पहिला प्रश्न आहे, 'तू कोठे आहेस?'

बहीण घरी आली की तुम्ही काम काढून बाहेर पडता. 11 वर्षे. हेच ते झाडांत लपणे. ज्या बहिणीने न वाचता सही केली ती बहीण तुम्ही त्या दिवशी गमावलीत, आणि तिला हे ठाऊकसुद्धा नाही. तुमच्या पापाचा परिणाम तुम्ही मुलाच्या खोलीत शोधता आहात. तो बाहेरच्या खोलीत तुमची वाट पाहत बसलेला असतो, त्याला पाणी विचारून तुम्ही निघून जाता.

तिसरा धागा सगळ्यांत मोठा. मग तारण म्हणजे, पापातून आपली सोडवणूक झाली म्हणजे, नेमके काय झाले? ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला हे सगळी मंडळी मानते. ते कसे, ह्यावर मात्र शतकानुशतके वेगवेगळी उत्तरे आहेत. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म ह्याने 1098च्या सुमारास लिहिले की पापाने देवाचा मान हिरावला जातो आणि त्याची भरपाई माणसाला पेलणारी नसल्याने देवच माणूस झाला. त्याच्या नंतरच्या पिढीतला अबेलार म्हणाला की वधस्तंभावरची प्रीती पाहून माणसाचे थिजलेले मन वितळते, खरा बदल तिथे होतो. 1930च्या सुमारास स्वीडनच्या गुस्ताफ औलेन ह्या धर्मपंडिताने आठवण करून दिली की सुरुवातीची मंडळी हे सगळे विजय म्हणून पाहत होती: पाप, मरण आणि सैतान ह्यांच्या कैदेतून सोडवणूक. प्राचीन काळच्या सर्वमान्य धर्मपरिषदांनी ह्यांपैकी एकाच स्पष्टीकरणावर शिक्का मारलेला नाही. मी स्वतः प्रॉटेस्टंट परंपरेतला आहे आणि ख्रिस्ताने आपल्या जागी दंड सोसला ह्या भाषेत वाढलो. ती भाषा मी सोडलेली नाही. पण एकटी ती वापरली की ऐकणाऱ्याला कधी कधी वाटते, रागावलेल्या बापाने कुणाला तरी मारून राग शांत केला. शास्त्र तसे म्हणत नाही. योहान म्हणतो की प्रीती आधी होती, पुत्राला पाठवले ते त्या प्रीतीमुळे.

समोर बसलेल्या माणसाशी बोलताना मी मत्तयाच्या 18व्या अध्यायातला दाखला (येशूने सांगितलेली गोष्ट) घेतो, कारण त्यात आकडे आहेत. एका चाकराचे राजाला 10,000 तालांत देणे होते. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार करा: 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस राबला तरी फेडायला 2 लाख वर्षे. तो चाकर गुडघे टेकून म्हणतो, मला सांभाळून घ्या, सगळे फेडतो! राजा त्याच्या ह्या वेडेपणावर वाद घालत नाही, सोडून देतो. आता ते पैसे गेले कुठे? नाहीसे झाले का? राजाच्या तिजोरीत 10,000 तालांतांचा खड्डा पडला आणि तो राजाने सोसला. क्षमा फुकट मिळते ती घेणाऱ्याला. देणाऱ्याला ती कधीच फुकट पडत नाही. वधस्तंभाबद्दल मला जे थोडेफार कळले आहे ते हे: तो खड्डा देवाने स्वतःच्या अंगावर घेतला.

आणखी एक शब्द तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो, कारण तुमची गोष्ट घराच्या वाटणीची आहे. आपण 'उद्धार' किंवा 'मुक्ती' म्हणतो त्यामागे जुन्या करारात एक रोकडी, जमिनीच्या व्यवहाराची कल्पना आहे. लेवीय 25व्या अध्यायात नियम आहे की भाऊ कंगाल होऊन त्याने वतनातला भाग विकला, तर जवळच्या नातलगाने पुढे होऊन तो सोडवावा. असा सोडवणारा नातलग म्हणजे उद्धारक. रूथच्या गोष्टीत बवाज हेच काम करतो. यशयाच्या पुस्तकात देव स्वतःला इस्राएलाचा उद्धारक म्हणवतो तेव्हा शब्द हाच आहे: तुमचे गेलेले घर सोडवून आणणारा तुमचा रक्ताचा माणूस.

तुमच्या बहिणीचा असा माणूस तुम्ही होता. ज्याने सोडवायचे त्यानेच घेतले. हे कठोर वाटेल, पण ह्याच वाक्यात तुमची सुटका आहे असे मला वाटते. इब्री लोकांस पत्र म्हणते की ख्रिस्ताला आपल्याला बंधू म्हणवून घेण्याची लाज वाटत नाही. तुम्ही जे नाते मोडले ते नाते घेऊन तो तुमच्याकडे येतो. तो तुमचा भाऊ झाला आहे, म्हणून तुम्हाला पुन्हा कुणाचा तरी भाऊ होता येईल.

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. पाळक होऊन तीन-चार वर्षे झाली असतील. एक गृहस्थ माझ्याकडे आले, भागीदाराचे पैसे हडप केल्याचे कबूल केले. भागीदार तोवर वारला होता. गृहस्थ ढसाढसा रडले, मीही गहिवरलो. प्रार्थना केली आणि म्हणालो, प्रभूने तुम्हाला क्षमा केली आहे, शांतीने जा. ते खरोखरच शांतीने गेले. दोन महिन्यांनी त्या भागीदाराची पत्नी आली. गृहस्थांनीच तिला सांगितले होते, अगदी हलक्या मनाने, की पाळकसाहेबांसमोर सगळे मिटले. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. मांडीवरच्या पर्सची कडी उघडत होत्या, लावत होत्या, पुन्हा उघडत होत्या. बराच वेळ तेवढाच आवाज. मग म्हणाल्या, 'पैसे माझे बुडाले, आणि माफ तुम्ही केलेत?'

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी जे म्हणालो ते खोटे होते असे नाही. देवाच्या क्षमेबद्दल मी बोललो ते खरेच होते. पण मी अर्धेच बोललो होतो. नंतर त्या गृहस्थांकडे मी स्वतः गेलो, आणि ती बैठक पहिलीइतकी गोड झाली नाही. पुढे त्यांनी हप्त्याने पैसे द्यायला सुरुवात केली. सगळे फिटले नाहीत. तेव्हापासून कोणी माझ्यापाशी पाप कबूल केले की प्रार्थनेआधी मी एक साधा प्रश्न विचारतो: ह्यात कुणाचे काय गेले, आणि ते आत्ता कुणाकडे आहे?

आता तुम्हाला एवढी वर्षे झोप का लागत नाही ह्याकडे पाहा. देव क्षमा करत नाही म्हणून लागत नसेल असे मला वाटत नाही. तुम्ही त्याच्याकडे जे मागता आहात त्याचा अर्धा भाग त्याच्याकडे नाहीच, बहिणीकडे आहे. घराचे कागद तुमच्या कपाटात असताना शंभराव्यांदा 'मला क्षमा कर' म्हणणे ही प्रार्थना कमी आणि टाळाटाळ जास्त आहे. मत्तयाच्या 5व्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीवर अर्पण आणले आणि तिथे आठवले की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. उपासना अर्धवट टाकून जा, असे स्वतः प्रभू सांगतो आहे.

पण इथे क्रम उलटा समजू नका. आधी परतफेड, मग प्रीती, असे नाही. जक्कयाची गोष्ट पाहा, लूक 19. येशू आधी म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. जकातदाराच्या घरी पाहुणा म्हणून जातो, बाहेर लोक कुरकुरतात. त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो की अर्धे धन गरिबांना देतो आणि कुणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. नियमशास्त्रात, गणना 5मध्ये, चूक कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा असे आहे. जक्कयाला चौपटीपर्यंत जायला कोणी सांगितले नव्हते. भीतीने माणूस नियमापुरते देतो, तेही घासाघीस करून.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही एक बारीक गोष्ट आहे. मुलगा डुकरांमध्ये बसून भाषण पाठ करतो: बाबा, मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला एका मोलकऱ्यासारखे ठेवा. घरी पोचल्यावर तो पहिली दोन वाक्ये म्हणतो. मोलकऱ्याचे वाक्य ओठांतच राहते, कारण बाप त्याआधीच चाकरांना झगा आणायला सांगू लागलेला असतो. नोकर होऊन फेडण्याचा सौदा बापाने ऐकूनच घेतला नाही. शेकडो वेळा क्षमा मागून तुम्ही बहुधा तेच तिसरे वाक्य म्हणत आहात.

येशूचा शिष्य पेत्र ह्याचेही असेच. योहान सांगतो की येशूला धरले त्या रात्री पेत्राने त्याला ओळखतच नाही म्हणून नाकारले तेव्हा तो कोळशांच्या विस्तवाशी शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशूने त्याच्यासाठी न्याहारी केली तीही कोळशांच्या विस्तवावर. नव्या करारात तो ग्रीक शब्द ह्या दोनच ठिकाणी येतो. तीनदा नाकारले होते, तीनदा विचारले, 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' तिसऱ्यांदा पेत्र दुःखी झाला. येशूने ती रात्र न बोलता गाडून टाकली नाही. त्याच धुरात त्याला परत आणले, आणि मग त्याच्या हाती मेंढरे सोपवली.

इथवरचे दोन वाक्यांत सांगायचे तर, मुलाचा आजार ही शिक्षा नाही, आणि देवाशी तुमचे नाते तुटून राहिले आहे असेही नाही. पण वाकलेले सरळ व्हायचे आहे आणि घेतलेले परत जायचे आहे, आणि त्यासाठी लागणारे धाडस प्रीती मिळाल्यावरच येते.

आता व्यवहार. इथे बरेच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. घर अजून तुमच्या नावावर आहे की विकले गेले? तुमच्या पत्नीला माहीत आहे का? बहिणीची तब्येत, तिच्या घरची माणसे, तिला कागद हाती आल्यावर त्रास देऊ शकेल असे कोणी आहे का? ह्यांपैकी काहीच तुमच्या पत्रात नाही, म्हणून मी 'उद्याच जाऊन सांगा' असे म्हणणार नाही. बहिणीकडे जाण्याआधी एका वकिलाला भेटा आणि वाटा परत कसा करता येईल, घर विकले असेल तर रक्कम कशी ठरवायची, हे लिहून घ्या. रिकाम्या हाताने कबुली देणे म्हणजे स्वतःचे ओझे तिच्या डोक्यावर देऊन मोकळे होणे. कायद्याने काही भोगावे लागण्याची शक्यता असेल तर तीही वकिलाकडून आधी समजून घ्या. पाळकासमोरची कबुली कायद्याच्या आड येत नाही, आणि येऊही नये.

हा सल्ला प्रत्येक पापाला लागू नाही, हेही सांगून ठेवतो, कारण दुसरे वाचणारेही असतील. जिथे कुणावर अत्याचार झाला आहे तिथे अपराध्याने माफी मागायला पीडिताच्या दारात जाणे हा बऱ्याचदा दुसरा अत्याचार असतो. तिथे आधी कायदा, आणि भेटायचे की नाही हे फक्त पीडिताने ठरवायचे. तुम्ही कॅथलिक असाल तर धर्मगुरूंकडे पापनिवेदन करा. त्यांची शिकवणही हेच सांगते की पापमोचनाने अपराध मिटतो, पण पापाने केलेली सगळी हानी भरून येत नाही, आणि शक्य तिथे नुकसान भरून द्यावे लागते. आम्ही प्रॉटेस्टंट लोक ह्या बाबतीत कधी कधी जरा लवकर मोकळे होतो.

आणि झोपेचे. परतफेडीची पावले उचलूनही अपराधाचा विचार रात्रंदिवस चाळवत राहिला, तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हटल्याशिवाय चैन पडेना, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. मठात असताना मार्टिन ल्यूथर तासन्‌तास पापनिवेदन करी, बाहेर पडला की राहिलेले एखादे पाप आठवून परत येई. काही मने अशी असतात. त्यात विश्वासाची कमतरता नाही. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर मात्र थांबू नका, आजच जवळच्या माणसाला आणि डॉक्टरला सांगा.

बहीण क्षमा करील का? मला सांगता येणार नाही, आणि तुम्हीही तिच्याकडून ते वसूल करायला जाऊ नका. ती चिडेल, कदाचित काही वर्षे बोलणार नाही. तो तिचा हक्क आहे. 'प्रीती पापांची रास झाकून टाकते' हे वाक्य तिला ऐकवू नका. झाकायचे की नाही हे तिच्या हातात आहे, आणि झाकण्याआधी तिला ते उघडे पाहू द्यावे लागेल.

प्रत्यक्ष बोलताना शब्द फुटणार नाहीत असे वाटत असेल तर पत्र लिहा, पण ते स्वतः नेऊन द्या आणि ती वाचत असताना तिथेच बसा. त्या दिवशी काम काढून बाहेर पडू नका. 'चुकून झाले', 'त्या वेळी परिस्थिती तशी होती', 'तुला वाईट वाटले असेल तर' ही तीन वाक्ये लिहिली गेली तर कागद फाडून पुन्हा सुरुवात करा. काय केले, कधी केले, तिचे किती गेले, ते तुम्ही कसे आणि केव्हापर्यंत परत करणार, एवढेच येऊ द्या. आणि मुलाच्या आजाराचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नको. आत्या म्हणून ती त्याला भेटायला यायची तेव्हा येईल. त्याच्या अंथरुणाच्या जोरावर तिच्याकडून काही मागून घेतलेत, तर ती दुसऱ्यांदा न वाचता सही करील.